शिवेबाहेरचा गाडा
(प्रस्तावना)

पटकीची साथ आली की गावात मरीआईचा गाडा निघायचा. लाकडाचा छोटासा गाडा, त्यात देवी, हिरवं लुगडं, बांगड्या, दहीभात, लिंबं. पुढं हलगी. सगळं गाव मिळून तो गाडा शिवेपर्यंत ओढत न्यायचं, शिवेपलीकडं सोडायचं आणि मागं वळून न बघता परत यायचं. आपली रोगराई गेली, अशी समजूत. सकाळी पलीकडच्या गावाला गाडा दिसला की तेही गाव जमायचं, नैवेद्य दाखवायचं आणि गाडा आपल्या दुसऱ्या शिवेकडं ओढायला लागायचं.

या प्रथेला अडाणीपणा म्हणून हसणं सोपं आहे. हसण्याआधी तिच्यातल्या दोन गोष्टी बघाव्यात. संकट आलं की सारं गाव आपणहून एका कामाला लागे, कुणाला बोलावणं धाडावं लागत नसे. आणि एवढ्या एकीनं केलेलं ते काम काय, तर रोग शेजाऱ्याच्या दारात नेऊन ठेवणं. एकीचं बळ आणि शिवेचा आंधळेपणा, दोन्ही एकाच गाड्यात बसलेले.

हा गाडा मी २०२० साली पुन्हा पाहिला. कागल ओलांडून दूधगंगेचा पूल पार केला की कर्नाटक लागतं, आणि थोडं पुढं कोगनोळीचा नाका. मार्च २०२०मध्ये देशभर टाळेबंदी झाली आणि पुणे-बंगळूर महामार्गावरचा हा नाका दोन देशांच्या सरहद्दीसारखा दिसू लागला. पुढं फेब्रुवारी २०२१मध्ये महाराष्ट्रातून येणाऱ्यांना आरटीपीसीआर चाचणीचा निगेटिव्ह अहवाल दाखवल्याशिवाय पुढं सोडेनात. उन्हाळा संपून पावसाळा आला, साथीची एक लाट जाऊन दुसरी आली, तरी अहवालाची अट कधी सैल, कधी घट्ट होत राहिली. गावांनीही आपापल्या वेशीवर काट्याकुपाट्या टाकून ‘बाहेरच्यांना प्रवेश नाही’ अशा पाट्या लावल्या. हलगी तेवढी नव्हती.

साथ, महापूर, भूकंप अशा आणीबाणीत लोक आणि यंत्रणा यांचं नातं कसं असावं, हा या पुस्तिकेचा विषय. सरकारी कागदात त्याला ‘लोकसहभाग’ म्हणतात. जागतिक आरोग्य संघटना धोक्याविषयीचा संवाद आणि लोकांचा सहभाग यांचं एकत्र नाव घेते, कारण एकाशिवाय दुसरं लंगडं पडतं. शब्द चांगला आहे, पण त्यात एक गृहीत दडलंय. काम यंत्रणेचं, आणि त्यात लोकांनी सहभागी व्हायचं. बेळगाव-निपाणीच्या पट्ट्यात राहिलेल्या माणसाला चित्र बहुतेक वेळा उलटं दिसतं. लोक आधी कामाला लागतात, यंत्रणा नंतर येते. तेव्हा कोण कुणाच्या कामात सहभागी होतंय, हा प्रश्न आधी विचारायला हवा.

हा पट्टा असा का वागतो ते कळायला नकाशापेक्षा एसटीची वेळापत्रकं जास्त उपयोगी. निपाणी बेळगाव जिल्ह्यात, पण बेळगाव तिथून पंचाहत्तर किलोमीटरच्या आसपास आणि कोल्हापूर चाळीसेक. म्हणून अवघड बाळंतपण असो की हृदयाचं दुखणं, निपाणीकराचे पाय आधी कोल्हापूरच्या सीपीआर रुग्णालयाकडं वळतात. चंदगड तालुका कोल्हापूर जिल्ह्यात, पण कोल्हापूर शंभर किलोमीटरहून लांब आणि बेळगाव हाताशी. म्हणून चंदगडकराचा दवाखानाही बेळगावात आणि बाजारही बेळगावात. दोन राज्यांनी १ नोव्हेंबर १९५६ला एकमेकांकडं पाठ करून संसार मांडला, पण दुखणाईत माणूस अजून उलट्याच दिशेला जातो. शिवाय निपाणी भागातली पोरं रोज कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत कामाला जातात, लेकी पलीकडं दिलेल्या, सुना पलीकडून आणलेल्या. नाका बंद झाला की या सगळ्या वाटा बंद होत नाहीत, त्या पाणंदीतून जाऊ लागतात. आणि पाणंदीतून गेलेल्या माणसाची नोंद कुठल्याच आरोग्य खात्याच्या वहीत होत नाही. बंदीमुळं साथ किती रोखली गेली यावर वाद होईल, पण तिनं माणसांना लपायला शिकवलं हे आम्ही बघितलंय.

लपणं ही आपल्याकडं जुनी गोष्ट आहे. प्लेगच्या काळात ती ठळकपणे दिसली. १८९७मध्ये पुण्यात इंग्रज अधिकारी रँडच्या प्लेग समितीनं लष्कराचे शिपाई घराघरांत घातले. स्वयंपाकघरात, देवघरात बूट गेले. लोक आजारी माणसं माळ्यावर, पेवात दडवू लागले. २२ जूनच्या रात्री चाफेकरांनी रँडवर गोळी झाडली, त्याचा इतिहास सर्वांना ठाऊक आहे. त्याच साथीत, त्याच शहराच्या शेजारी सावित्रीबाई फुले मुलगा यशवंतच्या दवाखान्यासाठी रुग्ण गोळा करत होत्या आणि त्यातच लागण होऊन १० मार्च १८९७ला गेल्या. रोग एकच, परिसर एकच. एकीकडं दार बाहेरून फोडलं जात होतं, दुसरीकडं ते आतून उघडत होतं.

साथ खाली दक्षिणेला सरकली तेव्हा बेळगाव आणि धारवाड जिल्हे तिच्या तडाख्यात सापडले. हुबळीत १८९८मध्ये हजारो लोकांनी शास्त्रज्ञ हाफकिनची प्लेगवरची नवी लस टोचून घेतली. त्या काळात एका गावानं एवढ्या संख्येनं दंड पुढं करावा हे नवल होतं. आणि ज्या गावांपर्यंत लस पोचली नाही त्यांनी आपली रीत शोधली. घरात उंदीर पडायला लागले की गाव मोकळं करायचं, माळावर झोपड्या घालायच्या आणि उंदीर पडायचे थांबेपर्यंत गावात पाऊल टाकायचं नाही. उंदरावरच्या पिसवांमधून रोग पसरतो हे शास्त्रानं पक्कं करण्याआधी ‘उंदीर पडला’ हे दोन शब्द आमच्या खेड्यांत धोक्याची घंटा झाले होते. आज ज्याला साथरोग सर्वेक्षण म्हणतात ते यापेक्षा वेगळं काय असतं?

बेळगावच्या टिळकवाडीत ‘व्हॅक्सिन डेपो’ नावाचं मैदान आहे. सकाळी तिथं लोक फिरायला येतात, पोरं क्रिकेट खेळतात. विसाव्या शतकाच्या आरंभी देवीची लस तयार करणारी संस्था तिथं उभी राहिली. वासरांच्या कातडीवर लस वाढवायची आणि ती गावोगाव धाडायची, असं ते काम. आपल्या भाषेनं त्या लशीला जे नाव दिलं ते लक्षात घेण्यासारखं आहे. रोगाचं नाव ‘देवी’, आणि लस टोचण्याला लोक म्हणू लागले ‘देवी काढणं’. परक्या डॉक्टरची सुई लोकांनी आपल्याच देवीच्या पदरात घातली आणि मग दंड पुढं केला. जानेवारी २०२१मध्ये कोविडची लस पुण्याहून बेळगावच्या विभागीय भांडारात आली आणि तिथून उत्तर कर्नाटकच्या जिल्ह्यांत गेली. कोगनोळीच्या नाक्यावर माणसं अडत होती त्याच महामार्गानं लशीच्या गाड्या आल्या, हेही सांगून ठेवावं.

विश्वास आणीबाणीत तयार होत नाही, आधी जमवलेला तेव्हा खर्च होतो. बेळगावच्याच दोन गोष्टी इथं आठवतात.

पहिली बाळंतपणाची. २००२ ते २००५ या काळात बेळगाव जिल्ह्यातल्या चार प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या परिसरात केएलईच्या जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयानं परदेशी सहकाऱ्यांबरोबर एक अभ्यास केला. बाळंतपणानंतरचा रक्तस्राव हे बायकांच्या मृत्यूचं मोठं कारण. त्यावरचं नेहमीचं इंजेक्शन थंड ठेवावं लागतं, द्यायला हात सरावलेला लागतो. मिसोप्रोस्टॉलच्या गोळीला यातलं काही लागत नाही. घरी किंवा उपकेंद्रात बाळंतपण करणाऱ्या नर्सबाईंनीच १६२० बायकांना गोळी दिली, निम्म्यांना औषधाची, निम्म्यांना दिसायला तशीच पण औषध नसलेली. अतिरक्तस्रावाचं प्रमाण बाराहून साडेसहा टक्क्यांच्या आत आलं. २००६मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये हे निष्कर्ष आले आणि २०११मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं या कामासाठी ही गोळी अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतली. यातलं औषध सगळ्यांच्या लक्षात राहतं. माझ्या लक्षात राहते ती नर्सबाई, जिला गावातल्या सासवा ओळखत होत्या. रात्री दोन वाजता तिच्या हातची गोळी घ्यायला कुणी कचरलं नाही, कारण दिवसा दोन वाजता ती ओट्यावर बसून चहा प्यायलेली असायची.

दुसरी गोष्ट जरा अवघड जागची. एचआयव्हीची साथ या पट्ट्यात जोरात आली. सौंदत्तीच्या यल्लम्माला सोडलेल्या मुलींची वाट पुढं शहरांतल्या वस्त्यांकडं जात असे. कर्नाटकनं १९८२मध्ये देवदासीप्रथा बंदीचा कायदा केला तरी ती वाट लगेच बुजली नाही. सांगलीत १९९२पासून काम करणाऱ्या ‘संग्राम’ या संस्थेनं एक साधा निर्णय घेतला. या बायकांना शिकवायला बाहेरून कुणी आणायचं नाही, वस्तीतल्याच बायकांनी कंडोम वाटायचे, त्यांनीच समजावायचं, दवाखान्यात सोबतीला त्यांनीच जायचं. त्यातून १९९६मध्ये वेश्या एड्स मुकाबला परिषद, म्हणजे ‘व्हॅम्प’, उभी राहिली आणि तिचं काम सीमा ओलांडून निपाणीपर्यंत आलं. निपाणीत २००२मध्ये या बायकांना विरोध आणि पोलिसांचा जाच सोसावा लागला, त्याची नोंद ह्यूमन राइट्स वॉचच्या त्या वर्षीच्या अहवालात आहे. साथ थोपवण्याच्या कामात सर्वांत पुढं उभ्या असलेल्यांनाच साथीचं कारण समजण्याची चूक गाव करतं, कधी पोलीस करतात. मरीआईच्या गाड्याचंच हे दुसरं रूप, फक्त गाड्यात देवीच्या जागी माणूस बसवलेला.

आता पुराकडं येऊ, कारण पुस्तिकेचा मोठा भाग त्याला दिलाय. वेदगंगा पाटगावच्या बाजूनं गारगोटी, मुरगूड करत निपाणीकडं येते. दूधगंगा काळम्मावाडीच्या धरणातून निघून कागलजवळ सीमा ओलांडते. पुढं कल्लोळ-येडूरजवळ सगळं पाणी कृष्णेला मिळतं. जुलै उजाडला की जत्राट-भिवशी, अक्कोळ-सिदनाळ, कारदगा-भोज, मलिकवाड-दत्तवाड ही बंधाऱ्यांची नावं वर्तमानपत्रात जोडीनं यायला लागतात. यातलं मलिकवाड कर्नाटकात, दत्तवाड महाराष्ट्रात. बंधारा पाण्याखाली गेला की दोन गावं नव्हे, दोन राज्यं तुटतात. ऑगस्ट २०१९मध्ये आणि पुन्हा जुलै २०२१मध्ये यमगर्णीजवळ वेदगंगेचं पाणी महामार्गावर आलं आणि देशाचा एक मोठा रस्ता थांबला. मैलभर ट्रक उभे, ड्रायव्हर छतावर, आणि आजूबाजूच्या गावांतून त्यांच्यासाठी भाकरी-पिठलं चाललेलं.

या दिवसांत नदीकाठच्या घरातला एक फोन ऐकण्यासारखा असतो. रात्री नऊच्या सुमाराला इकडचा माणूस मुरगूडच्या व्याह्याला फोन लावतो.

“पावणं, पाणी कुठवर आलंय तुमच्यात?”

“स्मशानाच्या शेडला लागलंय.”

“पाऊस हाय?”

“घाटाकडं काळंकुट्ट हाय. उतरत न्हाई हे.”

फोन ठेवला की गोठ्यातली जनावरं सोडायची का नाही, ते ठरतं. कुठल्या खुणेला पाणी लागलं की आपल्याकडं ते किती तासांनी येईल, हा हिशोब या माणसाच्या डोक्यात चाळीस वर्षांचा आहे. त्याच वेळी धरणातल्या विसर्गाचा आकडा एका राज्याच्या पाटबंधारे खात्याकडून दुसऱ्याच्या महसूल खात्याकडं, तिथून तालुक्याला, तिथून तलाठ्याला असा प्रवास करत असतो. आकडा क्युसेकमध्ये येतो. आपल्या ओट्याला पाणी लागणार की नाही, हे त्यातून कळत नाही. व्याह्याच्या फोनमध्ये शेड कळते. दोन्हींची सांगड घालणारा माणूस हवा: आकड्याचं शेडमध्ये भाषांतर करणारा आणि शेडची खबर वर कळवणारा. हा माणूस आधी नेमलेला हवा, दोन्ही काठांवर हवा, आणि त्याच्याकडं पलीकडच्या माणसाचा नंबर हवा.

भाषांतराचा विषय निघालाच आहे तर भाषेबद्दल स्पष्ट बोलावं. सीमाभागात पत्रक कुठल्या भाषेत निघालं, याला राजकारणाचा वास येतो आणि मग त्यावर बोलायला अधिकारी घाबरतात. पण जिथं पंधरा टक्क्यांहून जास्त लोक अल्पसंख्य भाषा बोलतात तिथं महत्त्वाच्या सूचना त्या भाषेतही द्याव्यात, हे भाषिक अल्पसंख्याकांसाठीच्या राष्ट्रीय संरक्षणांत जुनं ठरलेलं आहे. आणि आणीबाणीत हा हक्काइतकाच जिवाचा प्रश्न होतो. पाणी उकळून प्या, ही ओळ न कळल्यानं लागलेली हगवण कुठल्याच पक्षाची नसते. तोच नियम पलीकडंही लावावा: कोल्हापूर, सांगली, सोलापूरच्या कानडी बोलणाऱ्या वस्त्यांना त्यांच्या भाषेत सूचना मिळते का, हे आपणही विचारायला हवं.

शब्दांनी मात्र आपली शीव केव्हाच पुसलीय. मराठीत ‘डांगोरा’ पिटतात, कानडीत ‘डंगुर’ सारतात, वाद्य एकच. कर्नाटकात पूरग्रस्तांच्या छावणीला पूर्वी ‘गंजी केंद्र’ म्हणत. गंजी म्हणजे पेज. अलीकडं नाव बदलून ‘काळजी केंद्र’ झालं. कानडी पाटीवरचा तो शब्द वाचून निपाणीच्या म्हातारीला कुणी अर्थ सांगावा लागत नाही. पेजेकडून काळजीकडं जाणं हाच या क्षेत्रातला गेल्या काही दशकांचा प्रवास म्हणता येईल. पोट भरलं की मदत संपली, असं आता कुणी मानत नाही. छावणीत बाईला कपडे बदलायला आडोसा आहे का, म्हाताऱ्याच्या रक्तदाबाच्या गोळ्या पुरात वाहून गेल्या त्या कोण देणार, दुभत्या म्हशीला सोडून माणूस येत नसेल तर म्हशीची सोय कुठं, हे विचारावं लागतं. आणि ते छावणीत राहणाऱ्यालाच विचारावं लागतं.

न विचारल्यावर काय होतं ते जगानं २०१४मध्ये पश्चिम आफ्रिकेत पाहिलं. इबोलानं मेलेल्यांना पांढऱ्या पोशाखातली माणसं पिशवीत घालून नेऊ लागली, घरच्यांना तोंडही दिसेना. लोकांनी रुग्ण लपवले, रात्री गुपचूप पुरले. गिनीतल्या वोमे गावात जागृतीसाठी गेलेल्या पथकातल्या आठ जणांना सप्टेंबर २०१४मध्ये ठार मारलं गेलं. पुढं मौलवी, पाद्री, गावचे प्रमुख यांच्याशी बसून अंत्यविधीची रीत बदलली: स्पर्श टाळायचा, पण प्रार्थना, नाव, निरोप राहू द्यायचा. साथ आटोक्यात येण्यात या बदलाचा मोठा वाटा होता. तोवर अकरा हजारांहून जास्त माणसं गेली होती.

जवळचं उदाहरण किल्लारीचं. ३० सप्टेंबर १९९३च्या भूकंपानंतर लातूर-उस्मानाबादमधली ५२ गावं नव्या जागी वसवली गेली. बाकीच्या शेकडो गावांत घरांची दुरुस्ती मालकांनीच करायची होती. तेव्हा महिला मंडळांतल्या बायका ‘संवाद सहायक’ म्हणून नेमल्या. कुठल्या कोपऱ्याला कुठला दगड घ्यायचा, हप्ता कुठं अडलाय, हे त्या इंजिनिअरला सांगू लागल्या आणि इंजिनिअरचं म्हणणं घरोघर पोचवू लागल्या. ‘संवाद सहायक’ हा शब्द आमच्या पुराच्या माणसालाही चपखल बसतो.

एवढं म्हणून झाल्यावर दोन सावधगिरीच्या गोष्टी सांगितल्याशिवाय ही प्रस्तावना प्रामाणिक होणार नाही. पहिली, लोकसहभाग म्हणजे फुकट मजुरी नव्हे. जुलै २०२०मध्ये कर्नाटकातल्या आशा कार्यकर्त्यांनी बारा हजार मानधन आणि संरक्षक साधनांसाठी काम थांबवलं. मे २०२२मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं भारतातल्या आशांचा गौरव केला. गौरव आणि मानधन यांच्यातलं अंतर जोवर आहे तोवर आशाताईंच्या सेवाभावाची तारीफ जरा जपून करावी.

दुसरी, ‘गाव’ म्हणजे कोण? गाडा ओढायला सगळं गाव यायचं असं मी वर लिहिलं, पण मरीआईचं ठाणं बहुधा वेशीबाहेर आणि तिची सेवा करणारेही वेशीबाहेरचेच असत. २०२०च्या टाळेबंदीत पश्चिम महाराष्ट्रातल्या साखर कारखान्यांच्या फडात ऊसतोड मजूर कोप्यांत अडकून पडले. एप्रिलमध्ये शासनानं परतीची वाट मोकळी करेपर्यंत ते ना इथल्या गावाचे होते, ना स्वतःच्या गावाचे. गावाच्या बैठकीत ओट्यावर बसलेल्यांचंच ऐकलं तर पुन्हा तेच वेशीबाहेर राहतात. म्हणून या पुस्तिकेत प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी एक प्रश्न ठेवलाय: या बैठकीला कोण आलेलं नाही?

पुस्तिका एका बैठकीत वाचायची नाही. पुरावरचं प्रकरण मे महिन्यात वाचावं, साथीवरचं आजार नसताना. शेवटची चार पानं कोरी सोडलीत. त्यांवर नावं आणि नंबर लिहायचे आहेत: आशाताई, नर्सबाई, नाव चालवणारा, ट्रॅक्टरवाला, दोन्ही भाषा लिहिता येणारं कॉलेजचं पोर. रकाने दोन आहेत, अलीकडचं गाव आणि पलीकडचं गाव. सुरुवात पलीकडच्या रकान्यापासून करा.